चला, मिळून विणू या!

मैत्रिणींनो, घरातली जुनी ट्रंक किंवा दिवाणाचा कप्पा एकदा उघडून बघा. बहुतेक घरांत एक पिशवी सापडेलच. तिच्यात सुयांना तसाच अडकलेला अर्धा स्वेटर. पाठ पूर्ण, पुढा मुंढ्यापर्यंत आलेला, आणि ज्याच्यासाठी टाके घातले तो मुलगा आता कॉलेजात! विणता येत नाही म्हणून तो अर्धा राहिलेला नसतो. मधे पाहुणे आले, सासूबाईंचं आजारपण आलं, कापूस वेचणीचे दिवस आले. घरातलं प्रत्येक काम आधी, आणि आपल्या हौसेचं नंतर. ते ‘नंतर’ काही येत नाही.

आता पापडांचं बघा. आपल्या खानदेशात उन्हाळा लागला की बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड सुरू होतात. कुणाच्या बिबड्या अर्ध्या राहिल्याचं ऐकलंय? नाही. कारण गल्लीतल्या सगळ्या जमतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पोळपाट-लाटणं घेऊन निघालेल्या बाईला ‘कुठे चाललीस?’ असं घरात कुणी विचारत नाही. मग विणकामही पापडांसारखंच का करू नये?

गेल्या हिवाळ्यात आमच्या ब्राह्मणपुरीत आम्ही आठ जणींनी ते करून पाहिलं. प्रत्येकीचा स्वेटर वेगळा, ज्याच्या त्याच्या घरासाठी. पण नमुना एकच, टाके घालायचा दिवस एकच, आणि आठवड्यातून दोन दुपारी एकत्र बसायचं. स्वेटर ठरवला तो साधा नाही, तर छातीवर दोन रंगांची नक्षी असलेला. सोपं काम एकटीनेही होतं. अवघड असलं की शेजारणीची गरज पडते.

बायकांनी मिळून विणणं तसं नवं नाही. १९६२ च्या युद्धात हिमालयातल्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी स्वेटर आणि मोजे विणून पाठवले होते. घरात कुणी ऐंशीच्या घरातल्या आजी असतील तर त्यांना विचारा. अलीकडचं उदाहरण चेन्नईचं. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या बायकांनी ३१ जानेवारी २०१६ रोजी घरोघरी विणलेले तुकडे एकत्र जोडले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या क्रोशाच्या चादरीचा गिनीज विक्रम केला. आकार ११ हजार १४८ चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ पावणेतीन एकर!

पण मला सर्वांत जवळची वाटते ती स्वीडनमधली गोष्ट. तिथल्या बोहुसलेन भागात दगडाच्या खाणी होत्या. मंदीत पाथरवटांचं काम गेलं, घरात खायचे वांधे झाले. त्यांच्या बायकांनी काहीतरी काम द्या म्हणून मागणी केली. तिथल्या गव्हर्नरांच्या पत्नी एमा याकोबसन यांनी त्यांना हाती धरून १९३९ मध्ये ‘बोहुस स्टिकनिंग’ ही विणकामाची संस्था उभी केली. खांद्याभोवती अनेक रंगांची बारीक नक्षी असलेले त्यांचे स्वेटर जगभर नावाजले गेले. संस्था १९६९ पर्यंत चालली. बायका घरीच विणत, पण नमुना ठरलेला आणि तपासणी कडक. म्हणूनच त्या कामाला किंमत आली.

आता दोन रंगांच्या विणकामाचं गुपित सांगते. प्रत्येक ओळीत दोनच रंग चालवायचे. ज्या रंगाचा टाका नसेल तो धागा मागून सैल न्यायचा. सगळी मेख या मागच्या धाग्यात आहे. तो ओढला गेला की विण आकसते आणि डोकं गळ्यातून जात नाही. म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून घ्यायचे. एकाच रंगाचे पाचाहून जास्त टाके आले तर मधे दोन्ही धाग्यांना एक पीळ द्यायचा, नाहीतर लेकराची बोटं आतल्या धाग्यात अडकतात. मागून जाणाऱ्या धाग्याने कापड जणू दुहेरी होतं, त्यामुळे हा स्वेटर ऊबही जास्त देतो.

नक्षी उतरवायला मुलांच्या वहीतला ग्राफ पेपर पुरतो. एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट ओळ डावीकडून उजवीकडे. ठिपक्यांची रांगोळी येते तिला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या वहिनींनी सर्वांआधी ग्राफ उचलला.

रंगांची एक युक्तीही लक्षात ठेवा. दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी उठणार नाही. एक गडद, एक फिका हवा.

आणि सुरुवातीला हातभर नाही तरी वीतभर तुकडा विणायलाच हवा. तो धुऊन, वाळवून दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २२ टाके आले. चार वर्षांच्या मुलासाठी घेर ६४ सेंटीमीटर धरला तर पुढ्याला ७० टाके लागतील. पण हात घट्ट असेल आणि दहा सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर त्याच ७० टाक्यांत पूर्ण स्वेटर सुमारे सहा सेंटीमीटरने लहान होतो. अशा वेळी एक आकार जाड सुई घ्यायची. एकटी असताना हा तुकडा विणायचा कंटाळा येतो. आठ जणींचे आठ तुकडे सतरंजीवर शेजारी ठेवले, की कुणाचा हात घट्ट आणि कुणाचा सैल ते बघता क्षणी कळतं. हसायलाही येतं!

आमच्यातल्या एक काकू नवरा गेल्यापासून गल्लीत कुठल्या कार्यक्रमाला जात नव्हत्या. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना येत नसे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती मोठीच गोष्ट. पण ठराव कागदावरून अंगणात यायला काहीतरी निमित्त लागतं. काकूंचा हात सर्वांत सारखा. चुकलेला टाका आठ ओळी खाली जाऊन क्रोशाच्या सुईने उचलून आणण्याची कला फक्त त्यांच्याकडे. तिसऱ्या दुपारपासून ‘काकू आल्याशिवाय सुरू करू नका’ असं होऊन बसलं. त्या संक्रांतीला आमच्यातल्या तिघींनी त्यांना घरी नेऊन तिळगूळ दिला आणि वाणही दिलं.

‘बाजारात तीनशे-चारशेला स्वेटर मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न येतोच. खरंच आहे. हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागतात, लुधियानाचा माल येतो, यंत्रावर विणलेला आणि स्वस्त. त्याच्याशी भावाची बरोबरी करायला आपण बसलेल्याच नाही. रोज दोन तास विणलं तरी नक्षीच्या छोट्या स्वेटरला तीन आठवडे सहज जातात. त्या तासांची मजुरी धरली तर किंमत कुठल्या कुठे जाईल. म्हणूनच कुणी ‘आम्हालाही एक विणून दे ना’ म्हटलं, तर लोकरीसोबत तासही वहीत लिहा आणि मोकळेपणाने भाव सांगा. ‘तुला काय, बसल्या बसल्या होतं’ हे वाक्य ऐकून घेऊ नका. बसल्या बसल्या होणाऱ्या कामालाही डोळे आणि पाठ लागते.

आमच्या आठ जणींपैकी सहा जणींचे स्वेटर संक्रांतीच्या आत झाले. दोघींचे फाल्गुनात, थंडी सरल्यावर! पण आम्ही सर्वांनी एक माप मोठं धरलं होतं, त्यामुळे पुढचा हिवाळा त्यांचाच. अर्धा कुणाचाच राहिला नाही.

तुम्हालाही करायचं असेल तर मोठी तयारी नको. चार-पाच जणी पुरतात, त्यातली एक तरी विणकाम येणारी हवी. बॉर्डरला दहा नंबरच्या आणि अंगाला आठ नंबरच्या सुया घ्या. लोकर सगळ्यांनी एकदमच आणा, म्हणजे रंगाची छटा बदलत नाही. बसायची वेळ मात्र आधी घरात सांगून ठेवा. ‘मंगळवारी दोन ते चार मी विणायला जाते,’ एवढंच. परवानगी मागण्याच्या सुरात नको, पापड लाटायला जाताना सांगतो तसं.