टॉवर नाही, मग धावपट्टी कोणाची?

घाटातल्या आंधळ्या वळणावर आपण हॉर्न देतो. समोर कोणी असलंच, तर त्याला कळावं. अमेरिकेत हजारो छोट्या विमानतळांवर नियंत्रण टॉवरच नाही. तिथे हेच चालतं. वैमानिक त्या विमानतळासाठी ठरलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आपला ठावठिकाणा आणि बेत सांगतात. परवानगी कोणीच देत नाही.

मेख अशी, की एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर दोन लहरी किंचित बेसूर तंबोऱ्यांसारख्या भिडतात आणि इतरांना नुसती किंचाळी ऐकू येते.

१९ नोव्हेंबर १९९६. इलिनॉयमधल्या क्विन्सीत, अशाच एका विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारलं, धावपट्टीवरचं विमान थांबणार की निघणार? ‘थांबलोय’ असं उत्तर आलं, पण ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाचं! त्यातले काही शब्द उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमधल्या यांत्रिक सूचनेखाली दबले. ज्याला विचारलं, ते गप्पच राहिलं आणि धावू लागलं. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर टक्कर होऊन १४ जण दगावले.

शिवाय अशा अनेक ठिकाणी रेडिओ सक्तीचा नाही. काही जुन्या विमानांत तो नसतोच. तिथे उरतात फक्त डोळे.