लेखणीच्या आधी रंगखडू

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा चिटणीसांचा आग्रह झाला, तेव्हा बाजारभाव, मालाची आवक, करांचे ओझे हेच विषय प्रथम मनात आले. परंतु त्यांवर अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून गेल्या वर्षी माझ्याच घरात, माझ्याच चुकीने मला जो धडा मिळाला, तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

माझा नातू तेव्हा साडेचार वर्षांचा होता. त्याला पेन्सिल नीट धरता येत नाही, असा शाळेतून निरोप आला. ज्याचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेले, त्या आजोबाला हे कसे सहन व्हावे? रविवार पेठेतील दुकान बंद करून घरी आलो की मी त्याला पाटीपुढे बसवी आणि एकेक अक्षर वीस-वीस वेळा गिरवून घेई. प्रसंगी रागेही भरे. पंधरा दिवसांत परिणाम असा झाला की, माझी चाहूल लागताच ते पोर आपला उजवा हात पाठीमागे लपवू लागले.

अखेर सूनबाईंनी त्यास व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंकडे नेले. मीही बरोबर गेलो. बाईंनी नातवाआधी माझेच अज्ञान दूर केले. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सारी मऊ कूर्चेची असून पुढे एकामागून एक कठीण होत जातात. शेवटचे हाड कठीण होण्यास आठ ते बारा वर्षांचे वय उजाडते. बोटांची पकडही अशीच टप्प्याटप्प्याने येते. वर्ष-दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरून खांद्यापासून सारा हात हलविते. दोन-तीन वर्षांचे मूल तळवा खाली करून बोटांनी धरते. साडेतीन-चारच्या सुमारास अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची पकड जमते, परंतु हालचाल मनगटानेच होते. प्रत्यक्ष बोटे हलवून लिहिणे साधारणतः साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. तात्पर्य, मी ज्याला आळस समजत होतो, ते केवळ अपुरे वय होते.

ही दृष्टी नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. तेथे मुले धातूच्या आकृतींभोवती रेघ काढून आतील जागा रंगीत पेन्सिलीने भरीत, आणि त्यातूनच लेखणीसाठी हात तयार होई. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी हाच विचार बालशिक्षणात रुजविला.

आपल्या लहानपणी हे शिक्षण घरातच होत असे. आजीजवळ बसून तांदळातील खडे वेचावेत, शेंगा सोलाव्यात, वाती वळाव्यात, रांगोळीची चिमूट सोडावी. बोटे आपोआप तयार होत. आज आपणच यंत्राने निवडलेले स्वच्छ धान्य पिशवीत बांधून विकतो. गृहिणींचे श्रम वाचले हे चांगलेच झाले, पण मुलांच्या बोटांचे काम गेले. त्या जागी आला मोबाइल. त्याच्या काचेवर बोट नुसते घसरते, त्याला जोर असा लागतच नाही. मेणाचा खडू मात्र दाबावा तेव्हाच गडद उमटतो.

बाईंनी नातवाला विचारले, "तुला काय रंगवायला आवडेल?" तो तत्काळ म्हणाला, "हल्क!" हे विलायती वीर मला प्रथम रुचले नाहीत. परंतु मुलाला ज्याची गोडी, तेच काम तो न थकता करतो. शिवाय ही चित्रे स्वस्त छपाईच्या रंगीत नियतकालिकांसाठी जन्मली. त्यामुळे ठळक रेघा व मोजके रंग हा त्यांचा स्वभावच आहे. १९६२ साली हल्क प्रथम करड्या रंगात छापला गेला. तो रंग छपाईत एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला!

आपण मालाची प्रतवारी करतो, तशी या चित्रांचीही करावी. तीन वर्षांच्या मुलास हल्क द्यावा. अंग मोठे, रंग मुख्यतः एक. चार वर्षांच्या मुलास सुपरमॅन. निळा पोशाख, तांबडा झगा आणि छातीवरील लहान चिन्ह. जाळ्याच्या बारीक रेघांचा स्पायडरमॅन पाच-सहा वर्षे झाल्यावरच द्यावा, अन्यथा मूल कंटाळते.

खडूचे इंच-दीड इंचाचे तुकडे करून द्यावेत. आखूड तुकडा मुठीत मावत नाही, तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. कधी कागद भिंतीवर चिकटवावा, म्हणजे मनगट योग्य रीतीने मागे वळते. दुसऱ्या हाताने कागद धरण्याची सवय लावावी. दहा-पंधरा मिनिटे पुरे. रंग रेघेबाहेर गेला तर बोलू नये आणि डावखुऱ्या मुलास उजव्या हाताची सक्ती करू नये. कोरा कागदही द्यावा, कारण दुसऱ्याने काढलेले चित्र भरणे म्हणजे चित्रकला नव्हे. मटार सोलणे, कणीक मळणे, बोथट कात्रीने कागद कापणे हेही जोडीला असावे. इतके करूनही सहाव्या वर्षी हात लवकर थकत असेल वा पकड जमत नसेल, तर रागावण्याऐवजी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

असो. आता मी घरी आलो की नातू हात लपवीत नाही. हिरव्या रंगाने माखलेला तोच हात पुढे करतो. परवा त्याने माझ्या जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर, कोणी न सांगता, आपले नाव लिहिले. एक अक्षर उलटे होते. मी ते दुरुस्त केले नाही.

कच्चा माल वेळेआधी बाजारात आणला तर काय होते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. तोच विवेक आपण आपल्या नातवंडांच्या हातांविषयी बाळगावा, इतकेच नम्रपणे सुचवून ही अल्पशी लेखनसेवा पुरी करतो.