फिंचचा फुगीर कोट आणि हिलरींचे गोठलेले बूट

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बाकीचे गिर्यारोहक ट्वीडचे कोट आणि लोकरी स्वेटर घालून आले होते. जॉर्ज फिंचने मात्र बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसं भरून एक फुगीर कोट शिवून घेतला होता. आधी त्याची यथेच्छ टिंगल झाली. वर बोचरा वारा सुटला, तेव्हा टिंगल करणाऱ्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटू लागला! त्याच मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन घेऊन ८,३०० मीटरच्या वर पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणीच चढलं नव्हतं. आज ट्रेकर हौसेने घेतात ते डाऊन जॅकेट या कोटाच्याच घराण्यातलं.

गंमत म्हणजे पिसं स्वतः ऊब देत नाहीत. ऊब असते शरीराची, पिसं फक्त हवा धरून ठेवतात. ती भिजून गोळा झाली की हवा गेली आणि ऊबही गेली. म्हणून हिमालयात थंडीइतकंच घामालाही सांभाळावं लागतं. स्थिर हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. सह्याद्रीत वर्षानुवर्षं साथ देणारा सुती टी-शर्ट तिथे अंगाला ओला चिकटून बसतो आणि चढ संपून थांबलात की हुडहुडी भरते. जाणते लोक चढाला लागण्याआधीच एक थर उतरवतात आणि थांबल्याबरोबर चढवतात.

थरांची ही युक्ती जुनीच. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला. अंगावर रेशीम, सूत, लोकर असे थर होते आणि वरून गॅबर्डिन. तसेच कपडे शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहिले, तर ते हलके आणि चांगले उबदार निघाले.

शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे मात्र खरं नाही. उघड्या डोक्यातून साधारण दहावा हिस्सा जातो. कानटोपी तरीही हवीच, कान बिचारे फार लवकर गारठतात.

गॉगलची हयगय तर नकोच. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, त्यामुळे ऊन खालूनही भाजतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. १९२४ मध्येच एडवर्ड नॉर्टन गॉगल न लावता ८,५७३ मीटरपर्यंत गेला आणि त्या रात्री त्याला दिसेनासं झालं.

आणि बूट! २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शिखराच्या जरा खाली असलेल्या तंबूत, एडमंड हिलरींचे रात्री काढून ठेवलेले बूट गोठून कडक झाले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले, मग हिलरी आणि तेनसिंग निघाले. त्याच दिवशी त्यांनी शिखर गाठलं.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे घालून बघा. दुकानात एखादा उतार असेल तर त्यावरून खाली चाला. बोटं पुढे आपटली तर एक नंबर मोठा मागा, नाहीतर परतीच्या उतारावर अंगठ्याची नखं काळीनिळी होतात.