लहान ट्रॅक्टरची निवड आणि निर्मितिस्थानाचा प्रश्न : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने शेतीवर उभे आहे. खरिपात सोयाबीन, कापूस व तूर, रब्बीत हरभरा व गहू, येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर ऊस आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हळद, असे येथील पीकचित्र आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाल्यामुळे या पिकाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. मात्र हे पीक ज्या जमिनीच्या तुकड्यांवर घेतले जाते, त्यांच्या आकाराकडे तितके लक्ष गेलेले नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण क्षेत्र १.३४ हेक्टर इतके खाली आले होते. एवढ्या क्षेत्रावर वर्षभर बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाळगणेही परवडत नाही. जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील हडोळती येथील एका वृद्ध शेतकरी दांपत्याने स्वतःच औत ओढल्याचे दृश्य सर्वत्र प्रसारित झाले. ते मराठवाड्यातील याच पेचाचे टोकाचे रूप होते.

या पेचातून मार्ग म्हणून १५ ते ३० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरकडे पाहिले जाते. गावागावांत त्यास 'मिनी ट्रॅक्टर' किंवा नुसतेच 'मिनी' म्हणतात. खरेदीच्या वेळी होणाऱ्या चर्चेत दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, किती अश्वशक्तीचा घ्यावा. आणि दुसरा, देशी घ्यावा की जपानी. यांपैकी पहिला प्रश्न अपुरा आहे आणि दुसरा बहुधा चुकीच्या रीतीने विचारला जातो, असे या विषयाचा थोडा खोलात विचार केल्यास दिसून येते.

जमीन, पीक आणि यंत्राचे माप :

हिंगोलीतील बरीचशी जमीन काळी, चिकण व भारी आहे. अशा जमिनीत नांगरटीसाठी लागणारी ओढ ही इंजिनाच्या शक्तीइतकीच ट्रॅक्टरच्या वजनावर अवलंबून असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा विचारात घेतली जात नाही. साधा हिशेब करून पाहता येईल. ३० सें.मी. रुंद व २० सें.मी. खोल तास घ्यायचे झाल्यास मातीचा छेद ६०० चौरस सें.मी. होतो. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सें.मी.ला ०.६ कि.ग्रॅ. धरला तरी ३६० कि.ग्रॅ. ओढ लागते. सुमारे ८०० कि.ग्रॅ. वजनाच्या दोनचाकी ओढीच्या लहान ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर साधारण ५०० कि.ग्रॅ. भार येतो आणि मोकळ्या मातीत त्याच्या निम्म्याएवढी, म्हणजे २५० कि.ग्रॅ.च्या आसपास ओढ मिळते. इंजिन कितीही उत्तम असले तरी चाके जागच्या जागी फिरणारच. चारही चाकांना गती देणाऱ्या यंत्रात संपूर्ण वजन ओढीसाठी कामी येते, म्हणून त्याची क्षमता वाढते. तरीही खोल नांगरट हे लहान ट्रॅक्टरचे काम नव्हे. ते भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडूनच करून घ्यावे लागते.

लहान ट्रॅक्टरचे खरे क्षेत्र म्हणजे उभ्या पिकातील कामे : कोळपणी, वखरणी, फवारणी, हळदीला मातीची भर देणे, आणि पेरणीपूर्वी रोटाव्हेटर. येथे अश्वशक्तीपेक्षा दोन चाकांमधील अंतर निर्णायक ठरते. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर असते. दोन ओळी पोटाखाली घेऊन चालणाऱ्या ट्रॅक्टरची चाके दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांच्या मधोमध यावयाची असतील, तर चाकांच्या मध्यरेषांतील अंतर ९० सें.मी. हवे. ते ७१ सें.मी. असेल आणि टायर २० सें.मी. रुंद असेल, तर टायरची आतील कड पिकाच्या ओळीपासून जेमतेम ३ सें.मी.वर येते. चालकाचा हात किंचित हलला की ओळ गेली. कपाशीचे गणित याच्या उलट आहे. दोन ओळींच्या मधून जाणाऱ्या याच ट्रॅक्टरची एकूण रुंदी ९१ सें.मी. होते. ९० सें.मी.वर लावलेल्या कपाशीत तो शिरूच शकत नाही, १२० सें.मी.वर लावलेल्या कपाशीत दोन्ही बाजूंना सुमारे १४ सें.मी. जागा उरते, तीही झाडे पसरेपर्यंतच. हळदीच्या सरी-वरंब्यात दोन सऱ्यांतील अंतर बहुधा ७५ ते ९० सें.मी. ठेवले जाते. म्हणजे सोयाबीन, कपाशी व हळद ही तिन्ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास चाकांचे अंतर बदलता येणारे यंत्र हवे, किंवा पेरणीचे अंतर यंत्राच्या मापाने ठरवण्याची तयारी हवी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरांत असतो. शेतावर मात्र तोच सर्वप्रथम पाहावा लागतो.

वेगाच्या अपेक्षेबाबतही वास्तव जाणून घेणे इष्ट ठरते. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालविला आणि वळणे व थांबे यांसाठी चतुर्थांश वेळ वजा केला, तर एका एकरास दोन तासांहून अधिक लागतात. दोन-तीन एकरांच्या धारकास हे पुरेसे आहे. भाड्याने देऊन हप्ते फेडण्याचा मनसुबा असणाऱ्यास मात्र पुरेसे नाही.

'देशी' आणि 'विदेशी' या संज्ञांचा अर्थ :

ट्रॅक्टर कोठे बनतो, हा प्रश्न भारतात नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ट्रॅक्टर पूर्णपणे आयात होत. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरने पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर तयार केला, परंतु त्यामागे जर्मनीतील आयशर कंपनीचे तंत्र होते. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसशी व पुढे फोर्डशी, तर एच.एम.टी.ने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी सहकार्य केले. अपवाद 'स्वराज'चा. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा देशातच सिद्ध झाला आणि १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने त्याचे उत्पादन सुरू केले. परकीय चलनाची चणचण आणि सुट्या भागांची टंचाई हा त्या काळातील अनुभव लक्षात घेता, 'स्वदेशी ट्रॅक्टर' या शब्दाला जो भावनिक भार प्राप्त झाला तो निराधार नव्हता.

आजचे चित्र मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एका ट्रॅक्टरच्या संदर्भात किमान चार स्थाने संभवतात : आराखडा जेथे झाला ते स्थान, इंजिन जेथे बनले ते, जुळणी जेथे झाली ते, आणि बॉनेटवरील नाव ज्या देशाचे ते. ही चारही एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. महिंद्राची 'ओजा' ही मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली. तिचा आराखडा जपानमधील मित्सुबिशी महिंद्रा या कंपनीच्या सहकार्याने सिद्ध झाला आणि उत्पादन तेलंगणातील झहीराबाद येथे होते. झहीराबाद व हिंगोली ही दोन्ही गावे एकेकाळी निजामाच्या एकाच राज्यात होती. या अर्थाने हा 'जपानी' ट्रॅक्टर हिंगोलीकरांस होशियारपूर किंवा फरिदाबादच्या 'देशी' ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जवळचा! सोनालिकाच्या होशियारपूर येथील कंपनीत जपानच्या यानमारची भागीदारी २००५ पासून आहे आणि 'सोलिस यानमार' या नावाने लहान ट्रॅक्टर तेथूनच येतात. बंगळुरूची व्ही.एस.टी. ही कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाली व तिचे लहान ट्रॅक्टर होसूरमध्ये बनतात. कुबोटाने डिसेंबर २००८ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि २०२२ पासून ती एस्कॉर्ट्सची सहप्रवर्तक आहे. जॉन डीअर हे अमेरिकी नाव. परंतु तिचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीत आहे. उलट दिशेचे उदाहरण आणखी बोलके आहे. अमेरिकेत महिंद्रा या भारतीय नावाने विकले गेलेले अनेक लहान ट्रॅक्टर दक्षिण कोरिया व जपानमधील कारखान्यांत तयार झालेले होते. तेथील ग्राहकही 'हा नेमका कोठला?' हाच प्रश्न विचारीत असतो.

या साऱ्यात राजकोटचे स्थान वेगळे आहे. सौराष्ट्रातील लहान डिझेल इंजिनांच्या उद्योगातून तेथे लहान ट्रॅक्टरची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास मोटारसायकलला औत जोडून केलेली 'बुलेट सांती' हे या मातीतील कल्पकतेचे प्रसिद्ध उदाहरण होय. कॅप्टन ही लहान ट्रॅक्टरची कंपनी राजकोटची, आणि महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा 'युवराज'ही प्रथम तेथूनच बाहेर पडला. एका सिलिंडरचे इंजिन अधिक थरथरते, आवाज करते. दिवसभर चालवणाऱ्याचे अंग आंबते. त्याच्या तुलनेत २१ अश्वशक्तीचे तीन सिलिंडरचे कुबोटा इंजिन अतिशय सौम्य चालते. परंतु एका सिलिंडरचे इंजिन पाण्याच्या पंपाचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या गावच्या मिस्त्रीला उघडता येते. सौम्यता मोठी की दुरुस्तीची सोय मोठी, याचे उत्तर सेनगावातील शेतकऱ्याचे वेगळे आणि नांदेडच्या रस्त्यावरील वसमतच्या शेतकऱ्याचे वेगळे असू शकते.

शासनाच्या धोरणातही 'देशी' ही संज्ञा आता होय-नाही अशी राहिलेली नाही. सार्वजनिक खरेदीसंबंधीच्या २०१७ च्या आदेशात पुढील सुधारणांनी जी वर्गवारी आली, तीनुसार ५० टक्के वा अधिक स्थानिक मूल्य असणारा पुरवठादार पहिल्या वर्गात, तर २० ते ५० टक्क्यांचा दुसऱ्या वर्गात मोडतो. पॉवर टिलरच्या बाबतीत मात्र सरळ आयातबंधनाचा मार्ग स्वीकारण्यात आला. जुलै २०२० मध्ये पॉवर टिलर व त्यांचे काही भाग मुक्त आयातीतून वगळून प्रतिबंधित यादीत टाकले गेले. त्यामुळे नवा माल देशी झाला हे खरे. परंतु ज्यांच्या घरी आधीचे परदेशी टिलर होते, त्यांच्यासाठी सुट्या भागांचा प्रश्न अधिक बिकट होण्याचा संभव होता. निर्मितिस्थानाचा धोका हा असा असतो. तो यंत्राच्या गुणवत्तेतून न येता पुरवठ्याच्या साखळीतून येतो, आणि ती साखळी देशातही तुटू शकते. फोर्स मोटर्स या सर्वस्वी भारतीय कंपनीने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय थांबविला. 'बलवान' व 'ऑर्चर्ड' ही तिची यंत्रे शेतांवर पुढेही चालायची आहेत.

तपासणीची साधने :

मग निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेऊन अहवाल प्रसिद्ध करते. इंजिनाच्या जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा पी.टी.ओ.वर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती कमी असते. रोटाव्हेटर व फवारणी पंप चालतात ते या दुसऱ्या आकड्यावर. तो आकडा, इंधनाचा दर, ओढ, उचलक्षमता आणि चाचणीत आढळलेले दोष या अहवालात मिळतात. देशी असो वा जपानी, सर्वांना एकच फूटपट्टी लावली जाते, हे त्याचे मोठेपण. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषि विज्ञान केंद्र किंवा परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे हे अहवाल समजावून घेता येतील.

अहवालात न मिळणारी एक गोष्ट आहे आणि ती स्वतःच शोधावी लागते. क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंपाचे सील, इंधन व तेलाचे फिल्टर आणि पुढच्या धुऱ्याचे बेअरिंग, या चार वस्तू हिंगोली, वसमत किंवा फार तर नांदेड येथील दुकानात आज, या क्षणी, फळीवर आहेत काय, हे पाहावे. 'मागवून देतो' हे उत्तर मे महिन्यात चालते. मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर चालत नाही. पेरणीचे सात-आठ दिवस हातचे गेले तर यंत्र कोणत्या देशाचे होते या चर्चेला अर्थ उरत नाही.

सुरक्षिततेचा विचार येथे टाळता येणार नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा अंत झाला. ट्रॉली ही माणसे नेण्यासाठी नसते, हे सर्वांना ठाऊक असूनही हळदीच्या हंगामात दुसरे वाहन नसते. लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत धोका वाढतो, कारण भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या दुपटी-तिपटीने असते आणि उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. ब्रेकचा प्रकार आणि उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट, या दोन बाबींची चौकशी किमतीच्या आधी व्हावयास हवी.

किंमत, कर आणि अनुदान :

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर ट्रॅक्टरचे टायर व अनेक सुटे भाग यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत चार लाख रुपये असल्यास २८,००० रुपयांचा फरक पडतो. लहान धारकाच्या दृष्टीने सुट्या भागांवरील घट अधिक मोलाची आहे, कारण ती दरवर्षी मिळते.

अनुदानाचा परिणाम याहून खोल आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ मध्ये आखलेल्या मिनी ट्रॅक्टर योजनेत ९ ते १८ अश्वशक्तीचे यंत्र व त्याची उपसाधने यांसाठी साडेतीन लाख रुपयांची मर्यादा धरली गेली. त्यातील ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान, आणि ३५ हजार रुपये गटाचा वाटा. ज्या कुटुंबांना स्वतःच्या बळावर बैलजोडीही घेता आली नसती, त्यांच्या हाती यामुळे यंत्र आले, हे या योजनेचे श्रेय निःसंशय आहे. परंतु किमती वाढल्या की मर्यादेवरील प्रत्येक रुपया गटाच्या खिशातून जातो, आणि ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व ट्रेलर हे तिन्ही त्याच रकमेत बसवायचे असतात. शिवाय १८ अश्वशक्तीच्या वर जाता येत नसल्यामुळे २१ किंवा २४ अश्वशक्तीची, चारही चाकांनी ओढणारी यंत्रे आपोआप बाहेर पडतात. काळ्या जमिनीत जे यंत्र अधिक उपयोगी, तेच नेमके योजनेच्या कक्षेबाहेर राहते. अशा गटापुढे देशी की जपानी असा प्रश्न उभाच राहत नाही. शासननिर्णयातील एका आकड्याने तो आधीच सोडवलेला असतो, आणि त्या गटाने विक्रेत्याकडे जाऊन विचारावयाचे उरते ते एवढेच, की चाकांमधील अंतर किती आणि क्लच प्लेट वसमतला मिळते काय.