चित्रपटसृष्टीचे वकील

चित्रपटाच्या आरंभी नट, दिग्दर्शक, संगीतकार ह्यांची नावे पडद्यावर झळकतात. परंतु त्या चित्रपटाच्या कथेवर उद्या कोणी हक्क सांगितला, तर निर्मात्याच्या वतीने न्यायालयात उभे राहणारे वकील प्रेक्षकांस सहसा ठाऊक नसतात. चित्रपटसंस्था, वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या ह्यांचे दावे चालविणे हा वकिलीतील एक निराळाच प्रांत होय.

ह्या प्रांतात शिरण्याची वाट इतर वकिलांचीच आहे. कायद्याची पदवी घ्यावी, राज्याच्या वकील परिषदेकडून सनद मिळवावी आणि एखाद्या अनुभवी वकिलाच्या हाताखाली काही वर्षे कागदपत्रे वाचीत काढावीत. पुढे मात्र कायद्याच्या जोडीला आणखी एक गुण लागतो. कथा म्हणजे काय, हे ज्यास कळत नाही, त्याचा येथे निभाव लागणे कठीण.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'हम हिंदुस्थानी' ह्या नाटकाचा दावा. आर. जी. आनंद ह्यांनी लिहिलेले हे नाटक १९५४ साली दिल्लीत रंगभूमीवर आले. शेजारी राहणारी दोन कुटुंबे, एक पंजाबी व एक मद्रासी. त्यांतील मुलगा व मुलगी परस्परांवर प्रेम करतात आणि प्रांताभिमानाने आंधळे झालेले वडील आड येतात, असे त्याचे कथानक. चित्रपटदिग्दर्शक मोहन सेहगल ह्यांनी त्याविषयी उत्सुकता दाखविली. १९५५ च्या आरंभी आनंद ह्यांनी त्यांस संपूर्ण नाटक वाचून दाखविले. पुढे १९५६ साली सेहगल ह्यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी तरुण, मद्रासी तरुणी आणि तोच प्रांतवाद! आनंद ह्यांनी नुकसानभरपाई व मनाई हुकूम ह्यांसाठी दावा लावला.

अशा वेळी चित्रपटसंस्थेच्या वकिलाने काय करावे? साम्य मुळीच नाही, असे म्हणून भागत नाही. ते तर उघड दिसते. त्याला दोन्ही कृती प्रसंगाप्रसंगाने ताडून पाहाव्या लागतात. नाटकात प्रांतवादाची एकच बाजू, म्हणजे विवाह, दाखविली होती. चित्रपटात भाड्याने घर मिळविण्याची अडचण होती आणि हुंड्याची दुष्ट रूढीही होती. कल्पना कोणाच्याच मालकीची नसते, कायदा तिच्या मांडणीचे रक्षण करतो, हे तत्त्व येथे निर्णायक ठरले. खालच्या दोन्ही न्यायालयांत आनंद हरले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी नाटक वाचले, चित्रपट पाहिला आणि १८ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांचे अपील फेटाळले. चित्रपट लागून तोवर बावीस वर्षे उलटली होती.

तथापि न्यायमूर्ती पाठक ह्यांचे मन पुरते निःशंक नव्हते. नाटकाचा प्रभाव चित्रपटाच्या कथेवर काही अंशी पडला आहे, असे त्यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात नमूद केले. दुसऱ्याच्या श्रमाचा लाभ घेणारा मनुष्य आपल्या कथेचा पसारा मुद्दाम वाढवूनही सुटू शकेल, ही शंका त्यांनी बोलून दाखविली. दावा जिंकणाऱ्या वकिलानेही हे पान वगळू नये.

अलीकडे असे दावे बहुधा प्रदर्शनाच्या तोंडावर दाखल होतात. शुक्रवारी चित्रपट लागावयाचा असतो आणि त्याच आठवड्यात मनाई हुकुमाचा अर्ज येऊन थडकतो. मग रात्री जागून कैफियत तयार करावी लागते. ज्याने आपला हक्क ठाऊक असूनही अखेरच्या क्षणापर्यंत वाट पाहिली, त्यास न्यायालये सहजी दाद देत नाहीत. पण खरोखरच नाडलेल्या लेखकास चित्रपट लागण्यापूर्वी कळावे तरी कसे, हाही प्रश्न उरतोच. म्हणून जाणता वकील खटल्याची वाट पाहत नाही. चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वीच तो निर्मात्यास विचारतो, की ही कथा आली कोठून, ती कोणी ऐकविली होती आणि लेखकाशी झालेला करार कोठे आहे?