घामावर उभं राहिलेलं आवार

जून १९४७. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं असताना साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. शेतमजुराच्या पोराला कॉलेजची पायरी चढायची तर पैसा हवा, आणि नेमका तोच घरात नसायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांचा तोडगा सरळ होता: पैसा नसेल तर कष्ट करा. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर हे कॉलेज उभं राहिलं.

भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. घराणं मात्र आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वसतिगृहाचा त्यांचा पहिला प्रयोगही याच भागात, दुधगावात झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचं ठाणं साताऱ्याला हललं. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला जेवत. पाणी भरणं, लाकूडफाटा, स्वयंपाक, झाडलोट सगळं पाळीपाळीनं चाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. चणचण इतकी, की मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही.

१९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथेही कष्ट करून शिकण्याचा हाच शिरस्ता. गावात ज्यांना एका पाणवठ्यावर उभं राहता येत नव्हतं, ती मुलं इथे एकाच रानात कुदळ मारत होती. आवारातल्या श्रमांचं मोठेपण यात आहे. हात मातीत घातल्यावर आवार आपलं होतंच, पण शेजारी कुदळ मारणाराही आपला होतो.

आज हे काम पुढे न्यायला हाताशी एक तयार यंत्रणा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. एनएसएसच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. या तासांतले थोडे जरी कॉलेजच्या मैदानासाठी ठेवले, तरी पुष्कळ होईल.

कबड्डीचं मैदानच घ्या. आधी दगडगोटे वेचायचे, काटेरी झुडपं मुळासकट उपटायची. मग पाणी कुठल्या अंगाने वाहून जाईल ते बघून माती ओढायची. हे चुकलं, तर पहिल्या वळवात सगळ्या मेहनतीचा चिखल होतो. त्यावर चाळलेली माती, पाण्याचा सडा आणि रोलर. आखणीला सुतळी पुरते. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार मीटर मोजायचे; त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर पाच मीटर भरलं, की काटकोन साधला. मग १३ बाय १० मीटरवर फक्की मारायची.

पण सातारा परिसरात डोंगरउताराला टेकलेल्या जागा पुष्कळ. तिथे सपाट मैदान काढणं खर्चाचं. अशा जागेला डिस्क गोल्फ हा खेळ फार जमेल. यात चेंडूऐवजी चकती फेकतात आणि खळग्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली असते. कमीत कमी फेकींत सगळ्या टोपल्या पूर्ण करणारा जिंकतो. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. अमेरिकेत कॉलेजांच्या आवारातली अशी काही मैदानं स्वयंसेवकांनी स्वतः राबून उभारली आहेत. झाड तोडावं लागत नाही, हिरवळ राखावी लागत नाही. उंचसखलपणा आणि झाडं हाच खेळाचा डाव. साखळ्यांची टोपली गावातला वेल्डरही करून देईल. पथ्य एकच: चकतीची वाट रहदारीच्या रस्त्यावरून जाता कामा नये.

खरी कसोटी उद्‌घाटनानंतर लागते. तीन वर्षांत मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि गवत मात्र दर पावसाळ्यात वाढतं. म्हणून जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात विळा-खुरपं घेऊन जुन्यांच्या जोडीला उभं करायचं आणि दसऱ्याच्या आत एकदा सगळं मैदान साफ करून घ्यायचं, ही पाळी आखणीच्या दिवशीच ठरवावी लागेल.