काष्ठशिल्पातील पुराणपक्षी : संग्रहापूर्वी नोंद हवी

जुना वाडा उतरविला जातो, तेव्हा त्याच्या सागवानाचा भाव घनफुटावर ठरतो. खांब व तुळई यांच्यामधील हस्तावर कोरलेला हंस त्या हिशेबात धरला जात नाही. धरला गेलाच, तर तो सुटा करून व्यापाऱ्याकडे जातो आणि शहरातील एखाद्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू होऊन बसतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या दारावरचा, हे सांगणारे मग कोणी उरत नाही.

कोरीव कामात आढळणारे हे पक्षी रानातले नव्हेत. गरुड हा विष्णूचे वाहन. मनुष्यदेह, बाकदार चोचीसारखे नाक, पाठीवर पंख आणि जोडलेले हात यांवरून तो ओळखता येतो. पंढरपूरच्या गरुडखांबास वारकरी आलिंगन देतात, इतके या पक्ष्याचे स्थान आपुलकीचे आहे. हंसाचे शेपूट पुष्कळदा पानावेलींत विरघळून जाते. निसर्गात असा हंस नाही. तो सुताराच्या पटाशीतून उतरलेला आहे.

गंडभेरुंडाची कथा अधिक लांबची आहे. दोन मस्तके व एक धड असलेला पक्षी तक्षशिलेजवळील सिरकप येथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वास्तूवर दिसतो. कर्नाटकातील बळ्ळिगावे येथील १०४७ सालच्या स्तंभावर तो मनुष्यदेहधारी आहे, तर विजयनगरच्या अच्युतरायाच्या (१५२९-१५४२) नाण्यांवरही तो आढळतो. आज तो कर्नाटक राज्याच्या चिन्हात आहे. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या दरवाजांवर चोचीत वा नखांत हत्ती धरलेले त्याचे दगडी रूप पाहावयास मिळते. असे पाषाणशिल्प ऊनपाऊस सोसून जागेवर राहते. लाकडास मात्र वाळवी, गळके छप्पर आणि जीर्णोद्धाराचा उत्साह असे तीन शत्रू आहेत. त्यांतील तिसरा सर्वांत वेगाने काम करतो.

संग्रह म्हणजे केवळ वस्तू गोळा करणे नव्हे. पुण्यात कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास एकट्याने आरंभ केला. कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते, वाद्ये असा वाढत गेलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडचा मस्तानी महाल तर सुटा करून संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला. परंतु प्रत्येक गावच्या चौकटीला केळकर भेटतील, अशी अपेक्षा करता येत नाही. ते काम ग्रामपंचायत व शाळा यांनाच करावे लागेल, आणि त्यास पैशापेक्षा एका वहीची गरज अधिक आहे.

वास्तू उतरविण्यापूर्वी प्रत्येक कोरीव भागास खडूने क्रमांक द्यावा. मोजपट्टी शेजारी धरून समोरून व बाजूने छायाचित्र घ्यावे. पक्षी कोणत्या दिशेच्या खांबावर होता, त्याच्या समोर कोण होते, हे लिहावे. देवासमोरचा गरुड आणि माजघरातला हंस यांचा अर्थ जागेवरूनच कळतो. गावकरी त्यास जे नाव देतात तेच प्रथम नोंदवावे, मग ते ग्रंथातील नावाशी जुळो वा न जुळो. दोन तोंडांच्या पक्ष्यासही कोणी सरळ ‘गरुड’ म्हटले, तर ते खोडू नये. सुताराचे घराणे ठाऊक असल्यास तेही लिहून ठेवावे. कॉस्टिक सोड्याने जुना रंग काढणे किंवा वर चकचकीत तैलरंग फासणे कटाक्षाने टाळावे. पहिल्याने मूळ रंगाचा पुरावा जातो, दुसऱ्याने कोरीव रेषा बुजतात.

५ एप्रिल १९७६ पासून अमलात आलेल्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतकी जुनी शिल्पे, तसेच इमारतीपासून सुटा झालेला तितकाच जुना कोणताही भाग ‘पुराणवस्तू’ ठरतो. खाजगी व्यक्तीस तो देशाबाहेर पाठविता येत नाही आणि त्याचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. वाड्याचे सामान विकत घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकाकडे असा परवाना आहे किंवा नाही, हे सौदा ठरण्यापूर्वी विचारता येते.